स्नायूंतल्या तंतुकणिका आणि इन्सुलिनरोध: आधी काय बिघडते?

वाटाड्या

नमस्कार. माझे वय ४४ आहे, नोकरी बैठ्या कामाची आहे आणि बीएमआय २२.८ आहे, म्हणजे पाहणारा कोणीही मला लठ्ठ म्हणणार नाही. तरीही गेल्या महिन्यातल्या तपासणीत उपाशीपोटीची साखर १०९ आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेचे माप) ६.१ आले. वडिलांना पन्नाशीच्या आतच मधुमेह झाला होता, त्यामुळे हा निकाल अगदी अनपेक्षित नव्हता. पण शरीरात नेमके काय बिघडते आहे हे कळल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही. डॉक्टरांनी इन्सुलिन रेझिस्टन्स (इन्सुलिनरोध, म्हणजे इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद कमी होणे) आहे, रोज चालायला लागा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, एवढेच सांगितले आणि बाहेर ताटकळलेले रुग्ण पाहून मलाही अधिक विचारणे प्रशस्त वाटले नाही.

ज्या व्यायामशाळेत मी नाव घातले तिथल्या प्रशिक्षकांनी मात्र सविस्तर सांगितले. त्यांच्या मते स्नायूंमधल्या तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे), कमी आणि कमजोर झाल्या की साखर जळत नाही, न जळलेली साखर रक्तात साचते आणि यालाच इन्सुलिनरोध म्हणतात. तंतुकणिका वाढवणारी म्हणून त्यांनी एक भुकटीही सुचवली असून तिचा खर्च महिन्याला साडेतीन हजार रुपये आहे. पैसे भरण्याआधी मी थोडे वाचन केले, तेव्हा काही ठिकाणी प्रशिक्षकांच्या म्हणण्याला दुजोरा मिळाला, तर काही ठिकाणी नेमके उलट लिहिलेले आढळले. तंतुकणिका बिघडल्यामुळे इन्सुलिनरोध येतो, की इन्सुलिनरोधामुळे तंतुकणिका बिघडतात, की दोन्हींचे मूळ तिसरीकडेच आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. शास्त्रीय तपशील वाचायची माझी तयारी आहे.

अनुस्वार

वाटाड्या, मी काही वर्षे स्नायूंच्या चयापचयावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. तुमच्या प्रशिक्षकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. वीस वर्षांपूर्वी ते या क्षेत्रातले आघाडीचे मत होते. मात्र त्यांच्या वाक्यातली 'साखर जळत नाही' ही पहिलीच पायरी चुकलेली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

इन्सुलिनरोध काटेकोरपणे मोजायचा असेल तर माणसाला एका शिरेतून इन्सुलिन आणि दुसरीतून ग्लुकोज देत राहतात, दर पाच-दहा मिनिटांनी रक्तातली साखर तपासतात आणि ती स्थिर राहील अशा बेताने ग्लुकोजचा वेग कमी-जास्त करतात. जितके जास्त ग्लुकोज द्यावे लागेल तितके त्या माणसाचे शरीर इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देत आहे असे समजायचे. या स्थितीत दिलेल्या ग्लुकोजपैकी साधारण ७० ते ८० टक्के ग्लुकोज स्नायू उचलतात. पण उचललेले ग्लुकोज ते जाळतात का? १९९० मध्ये येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन यांच्या गटाने चुंबकीय अनुनाद तंत्राने स्नायूच्या आत चाललेल्या घडामोडी मोजल्या, तेव्हा त्यातले बहुतेक ग्लुकोज जळण्याऐवजी ग्लायकोजेनच्या रूपात साठवले जाते असे दिसले. मधुमेही व्यक्तींमध्ये ही साठवण निम्म्याहूनही कमी वेगाने होत होती. पुढच्या कामातून हेही स्पष्ट झाले की मुख्य अडचण ग्लुकोज स्नायूपेशीत शिरण्याच्या टप्प्यावरच आहे. ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या आत लहान पुटिकांमध्ये असतात. इन्सुलिनचा निरोप आत पोहोचला की या पुटिका पेशीपटलाला येऊन मिळतात आणि ग्लुकोज आत येऊ लागते. इन्सुलिनरोधात हा निरोपच वाटेत अडतो. म्हणजे तंतुकणिकांमध्ये ज्वलन होण्याच्या कितीतरी आधीचा हा बिघाड आहे.

मग यात तंतुकणिकांचे नाव आले कुठून? २००२ मध्ये पिट्सबर्गच्या डेव्हिड केली यांच्या गटाने मधुमेही आणि लठ्ठ व्यक्तींच्या स्नायूंतल्या तंतुकणिका आकाराने लहान आणि कामात मंद असल्याचे दाखवले. २००३ मध्ये वंशी मूठा आणि सहकाऱ्यांनी मधुमेहींच्या स्नायूंतली जनुके तपासली. ऊर्जानिर्मितीच्या साखळीतल्या एकेका जनुकाची घट अगदी किरकोळ होती, परंतु जवळजवळ सगळीच जनुके एकाच दिशेने, सुमारे २० टक्क्यांनी, उतरलेली आढळली. २००४ मध्ये शुलमन आणि किट पीटरसन यांचा जो अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला तो तर तुमच्यासारख्यांवरच होता: तरुण, सडपातळ, स्वतःला मधुमेह नसलेली, पण मधुमेही आईवडिलांची मुले. त्यांतल्या इन्सुलिनरोध असलेल्यांच्या स्नायूंत एटीपी (पेशी ज्या रूपात ऊर्जा वापरते ते द्रव्य) तयार होण्याचा वेग सुमारे ३० टक्के कमी आणि स्नायूपेशींच्या आत साचलेला मेद सुमारे ८० टक्के जास्त होता. यावरून असे सूत्र मांडले गेले की तंतुकणिका कमजोर असल्या की मेदाम्ले पुरेशी जळत नाहीत, त्यांच्यापासून डायअॅसिलग्लिसरॉलसारखी द्रव्ये पेशीत साचतात आणि ती इन्सुलिनचा निरोप अडवतात. कल्पना देखणी होती आणि तिचा दुसरा अर्धा भाग आजही बऱ्याच अंशी टिकून आहे, कारण मेदाच्या भारामुळे निरोप अडतो याचे पुरावे भक्कम आहेत. शंका पहिल्या अर्ध्याविषयी आहे.

ती शंका मला पुस्तकातून आली नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला भूल देऊन जाड सुईने स्नायूचा तांदळाच्या काही दाण्यांएवढा तुकडा काढतात. तो लगेच बर्फावरच्या द्रावणात ठेवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्यांनी त्याचे तंतू ओल्या सुतासारखे सुटे करायचे, मग सॅपोनिन वापरून पेशीपटलांना छिद्रे पाडायची (आपल्या रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यामुळे) आणि ते तंतू प्राणवायू मोजणाऱ्या बंद कुपीत सोडायचे. कुपीत इंधन घातले तरी पडद्यावरची प्राणवायूची रेषा जवळजवळ आडवीच राहते. इंधन भरपूर आहे, प्राणवायू भरपूर आहे, तंतुकणिका ठणठणीत आहेत, पण ज्वलन होत नाही. मग बारीक सुईने एडीपीचे काही थेंब आत सोडले की तीच रेषा झरझर खाली उतरू लागते. एडीपी म्हणजे एटीपी खर्च झाल्यावर उरणारा अवशेष; म्हणजेच ऊर्जा वापरली गेल्याची खूण. तंतुकणिका इंधन किती आले हे पाहून जाळत नाहीत, खर्च किती झाला हे पाहून जाळतात. मी हे शेकडो वेळा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी खुर्चीवर बसून असलेल्या माणसाची मांडी डोळ्यांसमोर येते. विश्रांतीत स्नायू आपल्या तंतुकणिकांच्या क्षमतेचा अगदी थोडा अंश वापरतात. त्या क्षमतेत ३० टक्के घट झाली तरी बसलेल्या माणसाचे मेदाम्लांचे ज्वलन त्यामुळे अडायला नको, कारण उरलेली क्षमताही त्याच्या गरजेच्या अनेकपट असते.

इतर पुरावेही याच दिशेला जातात. निरोगी माणसाच्या रक्तात शिरेतून मेद सोडला तर तीन-चार तासांत इन्सुलिनरोध निर्माण होतो. तेवढ्या वेळात तंतुकणिकांची संख्या घटत नाही. उंदरांना खूप मेदयुक्त आहार दिला असता त्यांच्यात इन्सुलिनरोध आला, पण त्याच वेळी स्नायूंतल्या तंतुकणिका वाढल्याचे २००७ आणि २००८ मध्ये दोन स्वतंत्र गटांना आढळले. त्यातला एक गट जॉन होलोझी यांचा होता, ज्यांनी १९६७ मध्ये व्यायामाने उंदरांच्या स्नायूंतली तंतुकणिकांची क्षमता सुमारे दुप्पट होते हे पहिल्यांदा दाखवून दिले होते. तंतुकणिकांवर आयुष्य घालवलेल्या माणसाने त्यांच्या कमतरतेला मधुमेहाचे मूळ मानायला नकार दिला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आपल्या दृष्टीने सर्वांत बोलका अभ्यास मात्र २००८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये श्रीकुमारन नायर यांच्या गटाने केला. त्यांनी मधुमेही भारतीय, मधुमेह नसलेले भारतीय आणि उत्तर युरोपीय वंशाचे अमेरिकन अशा तीन गटांच्या स्नायूंची तुलना केली. भारतीयांमध्ये इन्सुलिनरोध जास्त होता. कमजोर तंतुकणिकांचे सूत्र खरे असते तर भारतीयांच्या तंतुकणिका मंद निघायला हव्या होत्या. प्रत्यक्षात, मधुमेह असो वा नसो, भारतीयांच्या तंतुकणिकांची एटीपी तयार करण्याची क्षमता युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा जास्त होती आणि मधुमेही व मधुमेह नसलेल्या भारतीयांमध्ये त्याबाबत फरक नव्हता. तेव्हा तुमच्या तंतुकणिका कमजोर आहेत असे तुमची साखर पाहून कोणी सांगत असेल तर त्याला आधार नाही.

माझे स्वतःचे मत असे आहे की मूळ दोष पुरवठा आणि खर्च यांच्या विषमतेत आहे. खर्च न करणाऱ्या स्नायूवर मेदाचा भार येत राहतो, त्यातून एकीकडे इन्सुलिनचा निरोप अडतो आणि दुसरीकडे न वापरल्यामुळे तंतुकणिका हळूहळू कमी होतात. म्हणून या दोन गोष्टी एकत्र दिसतात. पुढे वयाबरोबर ही घट परिस्थिती आणखी बिघडवत असेल हे मला मान्य आहे.

भुकटीबद्दल थोडक्यात लिहितो. बीएमआय, साखर आणि एचबीए१सी यांपैकी कशातूनही तंतुकणिकांची स्थिती कळत नाही, त्यामुळे मोजलेलीच नसलेली गोष्ट वाढल्याचा दावाही पडताळता येणार नाही. डबीवर प्रतिऑक्सिडकांची (अँटिऑक्सिडंट्सची) यादी असेल तर अधिक जपून राहा. २००९ मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगात चार आठवडे व्यायाम करणाऱ्यांना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले, तेव्हा व्यायामाने इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारण्याचा लाभच दिसेनासा झाला. नंतरच्या काही प्रयोगांत असा तोटा आढळला नाही, पण फायदा सिद्ध झाला असेही नाही. साडेतीन हजार रुपयांत उत्तम बूट येतील.

शेवंती

अनुस्वार यांनी फार नेमके लिहिले आहे. मी तालुक्याच्या गावी वैद्यकीय व्यवसाय करते आणि वाटाड्या यांच्यासारखे रुग्ण रोज पाहते, म्हणून दोन गोष्टी जोडते.

पहिली बीएमआयविषयी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. हा फरक जन्मापासूनच दिसतो, असेही पुण्याजवळच्या सहा गावांतल्या अभ्यासाने दाखवले आहे. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची, आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून राहिलेला. तेव्हा वाटाड्या, बीएमआय २२.८ आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तर बेंबीच्या पातळीला टेप धरून कंबर मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा आहे. माझ्या दवाखान्यात हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले असे कितीतरी पुरुष येतात, आणि वजनकाट्याने आपल्याला निर्दोष ठरवले आहे अशा समजुतीने ते वर्षानुवर्षे तपासणी टाळतात याचे मला फार वाईट वाटते.

दुसरी गोष्ट औषधाविषयी. मेटफॉर्मिन हे सर्वाधिक वापरले जाणारे औषध तंतुकणिकांमधल्या ऊर्जासाखळीचा पहिला टप्पा काहीसा मंदावते, आणि तरी साखर उतरते. त्याचे काम मुख्यतः यकृतात चालते, स्नायूंत नव्हे. तरीसुद्धा 'तंतुकणिका जितक्या जोरात तितकी साखर कमी' हे समीकरण किती तोकडे आहे हे त्यातून कळते. हे वाचून कोणी आपली गोळी बंद करू नये, ही कळकळीची विनंती. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मधल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात तुमच्यासारख्याच उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये केवळ आहार आणि चालणे यांनी मधुमेह होण्याचे प्रमाण तुलनेने २८.५ टक्के घटले, मेटफॉर्मिनने २६.४ टक्के. आधी चालणे सुचवून तीन महिने थांबण्याचा तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्यच आहे.

वाटाड्या

दोघांचेही मनापासून आभार. कंबर मोजली, ९४ सेंटीमीटर भरली. भुकटीला नकार कळवला आहे.

अनुस्वार, दोन शंका उरल्या आहेत. तंतुकणिका आईकडून येतात असे शाळेत शिकलो होतो. माझ्या आईला सत्तरीतही मधुमेह नाही, मग वडिलांच्या मधुमेहाचा माझ्या तंतुकणिकांशी संबंध कसा जोडायचा? आणि तंतुकणिकांची कमतरता हे मूळ नसेल तर चालण्याने साखर सुधारते ती कशामुळे?

अनुस्वार

आईकडून येतो तो तंतुकणिकांमधला स्वतंत्र डीएनए. त्यात फक्त ३७ जनुके असतात आणि त्यांपैकी १३ प्रथिने घडवतात. तंतुकणिकेत हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने असतात. बाकी सगळ्यांची जनुके पेशीकेंद्रात असतात आणि ती आई-वडील दोघांकडून येतात. त्यामुळे वडिलांचा वारसा तंतुकणिकांपर्यंत पोहोचू शकतो. आईकडून येणारा मधुमेहाचा एक खास प्रकार आहे खरा. तंतुकणिकेच्या डीएनएमधल्या ३२४३ क्रमांकाच्या जागी झालेल्या बदलामुळे तो होतो आणि त्यात बहुधा ऐकूही कमी येते. मात्र त्यातला मुख्य दोष इन्सुलिनरोधाचा नसून स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवण्याचा आहे. तंतुकणिका खरोखरच सदोष असल्या तर पहिला फटका स्वादुपिंडाला बसतो, हे मला विचार करायला लावणारे वाटते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर कोपनहेगनच्या एरिक रिक्टर यांच्या १९८९ च्या प्रयोगात सापडते. त्यांनी माणसांकडून एकाच पायाने व्यायाम करून घेतला, काही तास जाऊ दिले आणि मग इन्सुलिन देऊन दोन्ही पायांनी किती ग्लुकोज उचलले ते मोजले. व्यायाम केलेल्या पायाने स्पष्टपणे जास्त उचलले. माणूस एक, रक्त एक, इन्सुलिन एक, जनुकेही एकच. फरक फक्त आकुंचन पावलेल्या स्नायूचा. काही तासांत तंतुकणिकांची नवी फौज उभी राहत नाही. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ग्लुट-४ च्या पुटिका इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहता वेगळ्या मार्गाने पेशीपटलाकडे जातात, आणि नंतर रिकाम्या झालेल्या ग्लायकोजेनच्या साठ्यामुळे तो स्नायू इन्सुलिनलाही अधिक प्रतिसाद देतो. हा परिणाम एक ते दोन दिवस टिकतो. तंतुकणिकांची वाढ काही आठवड्यांच्या नियमित व्यायामानंतर दिसते. तिचा फायदा दम टिकण्यात आणि मेदाम्ले जाळण्यात होतो.

केवळ आहाराने वजन उतरवलेल्या आणि आहाराला व्यायामाची जोड दिलेल्या लठ्ठ व्यक्तींची २००८ मध्ये फ्रेडेरिको टोलेडो यांच्या गटाने तुलना केली, तेव्हा इन्सुलिनचा प्रतिसाद दोन्ही गटांत सुधारला, पण तंतुकणिका फक्त व्यायाम करणाऱ्यांच्याच वाढल्या. तुमच्या बाबतीत कंबरेचा घेर कमी होणे आणि स्नायूंना काम मिळणे, दोन्ही हवे.

रानवाट

मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. सहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि दोन्ही गुडघे झिजल्यामुळे चालणे दहा मिनिटांपलीकडे जमत नाही. एकाच पायाच्या प्रयोगाबद्दल वाचून माझ्या मनात आले की स्नायूला काम मिळणे महत्त्वाचे असेल, तर ते चालूनच मिळायला हवे असे थोडेच आहे?

शेवंती

ताई, अगदी बरोबर आहे तुमचे. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरून ठेवणे, दोर घट्ट धरून ओढल्यासारखा रबरी पट्टा दोन्ही हातांनी छातीकडे ओढणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, आणि गुडघे साथ देतील तेव्हा उंचशा खुर्चीवरून हात न टेकता उठणे, ही सगळी स्नायूंचीच कामे आहेत. अशा ताकदीच्या व्यायामानेही मधुमेहींची साखर सुधारते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर मात्र सुरुवातीचे काही दिवस व्यायामाआधी आणि नंतर साखर तपासा आणि खडीसाखर जवळ ठेवा. व्यायामाचा परिणाम दोन दिवसांत ओसरतो असे अनुस्वार यांनी वर लिहिलेच आहे. तेव्हा सलग दोन दिवस खाडा होऊ देऊ नका. रविवारी पाहुणे आले म्हणून राहिले, तर सोमवारी सकाळी चहाचे आधण ठेवाल तेव्हा ओट्याला धरून टाचा उचलायला सुरुवात करा.